बारा दिवसांचे बरिटो

उद्या सकाळी माझा गुडघा बदलायचा होता. पाच दिवस दवाखान्यात, आणि मग सात दिवस त्यांच्याच वरच्या मजल्यावर, जिथे म्हाताऱ्यांना पुन्हा चालायला शिकवतात. म्हणजे बारा दिवस. तेवढे दिवस माझं घर माझ्याशिवाय, आणि त्या घरात आमचे हे एकटे.

म्हणून मी सकाळी सहापासून गॅसपाशी उभी होते. राजमा शिजत होता, बटाटे उकडत होते, भात परातीत गार व्हायला पसरला होता. गुडघा म्हणत होता बस, मी म्हणत होते गप. भात गार झाला का बघायला चार वेळा बोट लावून पाहिलं. कुणी भाताला इतक्या वेळा विचारत नाही.

खरं काय ते आधीच सांगते. हे गॅस पेटवतात आणि विसरतात. एकदा दूध ठेवलं आणि पातेलं काळं ठिक्कर झालं. दुसऱ्यांदा गॅस सोडला, लायटर शोधायला म्हणून गेले, ते खाली जाऊन पेपर वाचत बसले. मी भाजी घेऊन आले तर जिन्यापर्यंत वास. खिडक्या उघडल्या, यांना शिव्या घातल्या आणि कुणाला म्हणून सांगितलं नाही. थोरल्या लेकीलाही नाही, धाकट्या लेकाला तर नाहीच.

धाकट्याने आपल्या सासऱ्यांना ठेवलंय एका जागी. फोनवर सांगत असतो, "आई, बाग आहे, डॉक्टर आहे, दिवसभर माणसं असतात आजूबाजूला." असतील. पण ते सासरे तिथे गेले तेव्हा राजकारणावर तासभर भांडायचे, आणि आठ महिन्यांत त्यांनी बोलणंच सोडलं. आता नुसते बागेकडे बघत बसतात. यांचं कळलं की धाकटा दुसऱ्या दिवशी कागद घेऊन दारात उभा राहील. मनाने वाईट नाही तो. पण त्याला प्रत्येक गोष्ट एकदाची मिटवायची असते. पन्नास वर्षं हे माझ्याशी भांडले, आता या वयात नव्या माणसांशी भांडायला शिकायचं का यांनी?

तर असं ठरवलं होतं की जाताना गॅसचा रेग्युलेटर काढायचा आणि माझ्या कपड्यांच्या पिशवीत घालून न्यायचा. मागे राहील तो फ्रीजर आणि मायक्रोवेव्ह. फ्रीजरला तीन खण. वरचा सकाळचा, मधला दुपारचा, खालचा संध्याकाळचा. मी तिसरीपर्यंत शिकले, पण एक दोन तीन लिहिता येतं. कागदावर मोठ्ठे आकडे काढून खणांना चिकटवले. यांनी एक काढायचा, आत ठेवायचा, बटण दाबायचं, खायचं. ताट नको, चमचा नको, आग नको.

बरिटो थोरलीचा शोध. ती शहराची बस चालवते. दोन फेऱ्यांच्या मधे वीस मिनिटं मिळतात, त्यात डेपोतल्या मशीनमध्ये गरम करून उभ्याउभ्या खाते. सुट्टीच्या दिवशी वीसवीस करून ठेवते. मी तिला वर्षानुवर्षं टोमणे मारले, बर्फातलं अन्न खातेस, तुला आई नाही का म्हणून. आणि गेल्या आठवड्यात मीच तिला फोन करून विचारलं, "ते तुझं गुंडाळलेलं कसं करतात गं?" तिने आधी विचारलं, "आई, तूच बोलतेस ना?"

सात वाजता ती आली, हातात पोळ्यांची पाकिटं. मैद्याच्या मोठ्या, पातळ पोळ्या.

"आई, सारण गार आहे का पूर्ण?"

"हात लावून बघ. मी काय खोटं बोलते?"

"कोमट आहे. वाफ आत कोंडली की तिचा बर्फ होतो, आणि गरम केलं की चिखल."

"मग पंखा लाव. ज्ञान नको पाजूस."

पंख्याखाली पराती ठेवल्या. सकाळसाठी अंडं-बटाटा, दुपारसाठी राजमा-भात, संध्याकाळसाठी मका, ढोबळी मिरची आणि चीज. टोमॅटो घालू द्यायला थोरली तयार नाही, पाणी सुटतं म्हणे. पोळी तव्यावर जरा ऊन करायची, नाहीतर दुमडताना तडकते. मधे सारण, दोन्ही बाजू आत, आणि मग आपल्याकडून पुढे घट्ट गुंडाळायचं. मी पहिला केला तो फुटला. तिने केला तो सरळ, मुसळासारखा.

"हावरेपणा करतेस आई. थोडं कमी भर."

"तुझ्या बापाचं पोट माहीत आहे मला."

"बाबांना तू चार पोळ्या खायला लावतेस आणि म्हणतेस त्यांचं पोट." मग गुंडाळता गुंडाळता, मान वर न करता म्हणाली, "माझ्याकडे का नाही ठेवत त्यांना बारा दिवस?"

"दिवसभर कोण आहे तुझ्याकडे? तू बसवर, जावई गोदामात."

"मग रजा काढून मी इथे येते."

"माझ्या स्वयंपाकघरात?" मी हसलेच. "मीठ कुठे आहे ते सांगता येईल का तुला?"

"ते तू मुद्दाम दर महिन्याला हलवतेस."

तेवढ्यात हे आले. दारात उभे राहून ओट्याकडे बघितलं. "अरे वा! पाहुणे येणार आहेत?"

सकाळपासून तिसऱ्यांदा विचारत होते. पहिल्या दोन वेळा थोरली नव्हती.

"तुम्हीच पाहुणे," मी म्हटलं. "जा, दाढी करा. पाहुण्यासारखं दिसा तरी."

हे हसत गेले. थोरली माझ्याकडे बघत होती. मी कांदा चिरायला घेतला. कांदा नको होता कशातच.

बाराच्या आत छत्तीस झाले. शिवण तव्यावर शेकून बंद केली, एकेक बटर पेपरात गुंडाळला आणि तीन खणांत बारा-बारा रचले. थोरली खाली गाडीत पेट्रोल भरायला गेली. दुपारी मला दवाखान्यात रक्त द्यायचं होतं आणि छातीच्या ठोक्यांची पट्टी काढून घ्यायची होती. ती गेल्या गेल्या मी यांना बोलावलं.

"दाखवा. दुपारचा कुठला?"

यांनी मधला खण ओढला, एक काढला, मायक्रोवेव्हमध्ये ठेवला, बटण दाबलं. अचूक. माझा जीव भांड्यात पडला. परत ठेवायला लावला. "आता संध्याकाळचा." हे बरिटो काढून कपाटाकडे गेले आणि बशांच्या मागे ठेवू लागले.

"अहो, तिथे काय पिकायला घालताय?"

"हो हो, चुकलं." आणि नीट ठेवला, बटण दाबलं.

तिसऱ्यांदा बरिटो हातात धरून उभे राहिले. उलटा केला, सुलटा केला. "हे कुणाचं पार्सल?"

"तुमच्या सासऱ्यांचं! आत ठेवा!"

ठेवला, बटण दाबलं. मी स्वतःला सांगितलं, तीनपैकी तीन. तिन्ही वेळा बटण दाबलं ना? मग झालं. माणसाला जे मोजायचं असतं तेच तो मोजतो.

हे कोण होते तेही सांगते. लिफ्टचे मिस्त्री. चाळीस वर्षं या शहरातली माणसं यांच्या भरवशावर वरखाली झाली. यांचा एक नियम होता, घरी आल्यावर जेवतानाही मुलांना सांगायचे. मशीनला हात घालायच्या आधी फ्यूज काढायचा, आणि तो खिळ्याला अडकवायचा नाही, दुसरा कुणी परत लावतो. आपल्या खिशात ठेवायचा. यांच्या जोडीदाराने खिळ्याला अडकवला होता. त्याची तीन बोटं गेली. हे दहा बोटं घेऊन रिटायर झाले, याचाच यांना जास्त अभिमान.

दवाखान्यात आम्ही दीडला पोहोचलो. रांग, मग फॉर्म, मग दुसरी रांग. मी बसले, उठले, खिडकीशी गेले, परत बसले. नर्स म्हणाली, "आजी, बसा ना जरा."

"बसायचंच असतं तर घरीच नसते का बसले?"

अडीचला घरी फोन केला. यांनी उचलला. "जेवलात?"

"हो, छान होतं. कोण बोलतंय?"

"तुमची दुसरी बायको," मी म्हटलं, आणि थोरलीकडे बघून हसले, जणू आमचा नेहमीचा विनोद. साडेतीनला पुन्हा केला. वाजत राहिला. चारला पुन्हा. वाजत राहिला. छातीची पट्टी काढणारा पोरगेला डॉक्टर म्हणाला, "आजी, ठोके फार जलद पडतायत, घाबरलात का?" मी म्हटलं, "तुमचं मशीन जलद असेल."

"बाबा उचलत नाहीत का?" थोरलीने विचारलं.

"झोपले असतील."

"दुपारी ते कधी झोपतात?"

वाटेत प्रत्येक सिग्नलला ती थांबली, प्रत्येक सिग्नलला मी माझ्या बाजूला नसलेला ॲक्सिलरेटर पायाने दाबत होते.

साडेपाचला दार उघडलं. बाहेर अजून चांगलं ऊन होतं, म्हणून सगळं स्वच्छ दिसलं.

स्वयंपाकघराच्या जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेलं. त्यावर फ्रीजरचे तीन खण, रिकामे. त्यांच्या पुढे बरिटो, सहाच्या ओळीत, कोनाला कोन लावून, एखाद्या मशीनचे भाग मांडावेत तसे. कागद भिजून काळा पडला होता. फ्रीजरचं दार सताड उघडं, त्यातून थेंब थेंब गळत होतं. मायक्रोवेव्ह पाठमोरा, मागचा पत्रा काढलेला, स्क्रू माझ्या चहाच्या बशीत. आणि हे स्टुलावर बसलेले, हातात स्क्रू-ड्रायव्हर, चेहरा असा खुललेला की कित्येक महिन्यांत मी तसा बघितला नव्हता.

मी दिव्याचं बटण दाबलं. दिवा लागला नाही.

"लागणार नाही," हे म्हणाले, आणि शर्टाचा खिसा थोपटला. फ्यूज आत होता. "आवाज येत होता मशीनला. फ्यूज काढूनच हात घातलाय."

"फोन का नाही उचलला?" थोरलीने विचारलं.

हे तिच्याकडे वळले. अदबीने उठून उभे राहिले, गिऱ्हाइकासमोर राहायचे तसे. "तक्रार तुम्हीच केली होती का बाई? अर्ध्या तासात लिफ्ट सुरू करून देतो. तोवर जिना वापरा."

थोरलीच्या हातात गाडीची किल्ली होती. ती खुळखुळायची थांबली.

मी खाली वाकून एक बरिटो दाबून बघितला. मऊ. आत कुठेही थंडीचा कण नाही. दुसरा दाबला. तिसरा दाबला. एकेक करून सगळेच दाबले असते. थोरलीने मला दंडाला धरून उठवलं आणि बाहेरच्या खोलीत नेलं.

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"आई."

"थंडी सुरू झाली तेव्हापासून."

"म्हणजे सात महिने." ती हळू बोलत होती. ओरडली असती तर मला परवडलं असतं. "मी रोज शेकडो माणसांना बसमधून ने-आण करते. कोण म्हातारा कुठे उतरतो, कोण चुकून पुढे जातो, सगळं ध्यानात ठेवते. आणि माझ्या बापाचं मला माहीत नाही. माझ्याकडून तू छत्तीस बरिटो करून घेतलेस आणि तोंडातून शब्द काढला नाहीस."

"तू धाकट्याला सांगितलं असतंस."

"सांगायलाच हवं होतं!" तिने फोन काढला.

"ठेव तो. मी ऑपरेशन रद्द करते. गुडघा काय, चालतोय तसा चालेल."

"कुठवर? सकाळी तू ओट्याला धरून उभी होतीस, बघितलं मी. एक दिवस पडशील. मग धाकटा एकाला नाही, दोघांना नेईल. तुला वेगळ्या मजल्यावर, बाबांना वेगळ्या."

 आतून स्क्रू बशीत पडल्याचे आवाज येत होते, टिण, टिण. हे मायक्रोवेव्हचा पत्रा परत बसवत होते आणि गुणगुणत होते. मी खुर्चीवरून उठले, परत बसले, पुन्हा उठले. सासू मेली त्या दिवसापासून मी कुणाकडे काही मागितलेलं नाही. सासूकडेही नव्हतं मागितलं.

"रजा मिळते का तुला अजून?" मी भिंतीकडे बघून विचारलं.

"मिळते."

"मग ये इथे. बारा दिवस."

"तुझ्या स्वयंपाकघरात?"

"आता माझ्याच तोंडून वदवून घे! हो, माझ्या स्वयंपाकघरात. मीठ खालच्या फळीवर, डाव्या हाताला."

तिने फोन पर्समध्ये टाकला. पण एक अट घातली, बसचालकाची अट, म्हणजे तिच्यावर वाद नाही. "तू चालत घरी आलीस की धाकट्याला तू फोन करायचास. तू, मी नाही. आणि सगळं सांगायचं. पुढे काय करायचं ते मग आपण तिघं बसून ठरवू. तू एकटी ठरवणार नाहीस, तोही एकटा ठरवणार नाही."

मी हो म्हटलं. नाइलाजाने म्हटलं, पण म्हटलं.

फ्यूज यांच्याकडे मागावा लागला. सहजासहजी देईनात, "काम पूर्ण झाल्याशिवाय फ्यूज देत नाही मी कुणाला," म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. पत्रा बसला, शेवटचा स्क्रू आवळला, तेव्हा स्वतः उठून लावला. दिवे लागले. मायक्रोवेव्ह चालला. आवाज खरंच गेला होता, तेवढं कबूल करायला हवं.

कागदावरचे बरिटो थोरलीने एकेक उचलून हुंगले. "फार वेळ नाही झाला, दोन-तीन तासच झालेत. पण परत गोठवायचे नाहीत." आम्ही तिघांनी दोन-दोन खाल्ले. बाकीचे तिने तव्यावर कडक भाजले, दोन पिशव्यांत भरले आणि जावयाला बोलावून डेपोत पाठवले. संध्याकाळच्या पाळीवाल्यांनी अर्ध्या तासात फस्त केले म्हणे. एकाने निरोप पाठवला, राजम्यात मीठ कमी आहे. परक्याचं खाऊन वर नावं ठेवतो मेला.

मला वाटलं होतं, आता निजेपर्यंत तरी स्वस्थता लाभेल. नाही लाभली, कारण थोरली बापाशी गोड बोलायला लागली.

"बाबा, हळू हं. बाबा, बसता का इथे? पाणी देऊ का हं थोडं?" एकेका शब्दाला साखर लावून, कानाशी वाकून. हे आधी तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग खुर्चीच्या कडेला सरकून दोन्ही हात मांडीत घेऊन बसले. मघाचा मिस्त्री कुठल्या कुठे गेला. हळूच मला म्हणाले, "काय झालंय गं? कुणी गेलं का?"

मी थोरलीला खेचून स्वयंपाकघरात आणलं.

"असं बोलू नकोस त्यांच्याशी. घाबरतात ते."

"मी प्रेमाने बोलतेय."

"तेच. या घरात इतकं गोड कुणी मेल्याशिवाय बोलत नाही. त्यांना वाटतंय, आपल्यापासून काहीतरी लपवतायत."

"मग कसं बोलू?"

"ओरड."

"बाबांवर? जन्मात ओरडले नाही मी त्यांच्यावर."

"म्हणून तर शिकायचंय. मी ओरडले की त्यांना कळतं आपण कुठे आहोत. बायको ओरडतेय म्हणजे घर आपलं, दिवस रोजचा. गोड बोलतात ते परके." हे मी तिला सांगत होते, पण सांगता सांगता मलाही तेव्हाच कळत होतं. "कर बघू. ओट्याला म्हण. अहो, चष्मा डोक्यावर आहे आणि घरभर काय शोधताय!"

"बाबा, चष्मा..."

"विनंतीअर्ज नको. हुकूम."

"बाबा! चष्मा डोक्यावर आहे!"

"बरं आहे. टोमणा राहिला."

ती हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली, आणि मग मलाच म्हणाली, "तूही नको इतकं गोड बघूस माझ्याकडे."

सकाळी जावई गाडी घेऊन खाली आला. माझी पिशवी त्याने नेली. रेग्युलेटर गॅसवरच होता. हे दारात आले, शर्ट उलटा घातलेला. "कुठे निघालीस?"

"गुडघा बदलायला. जुना परत देणार आहे त्यांना."

"कधी येशील?"

"बारा दिवसांनी."

"बरं." आणि थोडं थांबून, "कुठे निघालीस?"

आता उत्तर द्यायची पाळी माझी नव्हती. थोरलीकडे बघितलं. तिने घसा साफ केला. "बाबा, ती... बसा ना तुम्ही जरा..."

हे तिच्याकडे काल संध्याकाळच्याच नजरेने बघायला लागले. मी कठडा धरून एक पायरी उतरले. दुसरी उतरले. खालून जावई हॉर्न वाजवत होता. वाजव म्हटलं. तिसऱ्या पायरीवर थांबून मी ओरडले, "आवाज चढव!"

वरून यांचा आवाज आला, "कोण ओरडतंय जिन्यात?"

"तुमची बायको!" थोरली ओरडली. जरा चिरका, पण भरलेला आवाज. "दुसरं कोण ओरडणार या घरात? आणि शर्ट उलटा घालून जिन्यात काय प्रदर्शन मांडलंय? चला आत!"

मी कठडा घट्ट धरला होता.

"आलो, आलो," हे कुरकुरले. "अगदी आईवर गेलीयेस."

दार लागलं. आतून ती अजून काहीतरी म्हणत होती, आणि हे तिला उलट उत्तर देत होते. शब्द कळत नव्हते. मी उरलेल्या पायऱ्या एकेक करून उतरले.